नाथसागराचे पक्षी, बोंडअळी आणि फेलोशिपचा अर्ज

या महिन्यात आलेल्या पत्रांत संशोधन फेलोशिपविषयीची पत्रं जास्त आहेत, आणि बहुतेक आपल्या मराठवाड्यातली. संगणकीय जीवशास्त्र आणि परिस्थितीशास्त्र हे माझं रोजचं काम. फेलोशिपच्या अर्जांचं परीक्षणही करते. म्हणून या वेळचं सदर या पत्रांनाच देते. नावं विनंतीवरून गाळली आहेत.

प्रश्न : मॅडम, मी पैठण तालुक्यातली. प्राणिशास्त्रात पीएचडीचा प्रबंध सादर केलाय, व्हायवा बाकी आहे. विषय नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठावरच्या पाणपक्ष्यांची गणना. 'आर' ही संगणकभाषा घरीच, व्हिडिओ बघून शिकले. पोस्ट-डॉकच्या (पीएचडीनंतरच्या फेलोशिपच्या) जाहिरातीत 'कॉम्प्युटेशनल' दिसलं की वाटतं, हे आयसर-एनसीबीएससारख्या नामवंत विज्ञानसंस्थांवाल्यांसाठी असणार. तरी एक विषय ठरवलाय : 'मशीन लर्निंगच्या साहाय्याने जायकवाडी परिसरातील पक्षी-जैवविविधतेचा अभ्यास'. चालेल का? पाणी उतरलं की लोक गाळपेर करतात, मग तिथले पक्षी कुठं जातात ते कळत नाही. ते प्रबंधात घेता आलं नाही, याची रुखरुख आहे. अर्ज नेमका कुठं करू? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.

उत्तर : अगं-तुगंच करते. तू ठरवलेला विषय पाठवू नकोस. जाता जाता जी रुखरुख लिहिलीस ना, ती पाठव.

'मशीन लर्निंगच्या साहाय्याने' अशी सुरुवात असलेले अर्ज परीक्षकाच्या टेबलावर ढिगानं येतात. त्यातून अर्जदार कोणतं हत्यार वापरणार ते कळतं, पण त्याला काय जाणून घ्यायचंय ते शेवटच्या पानापर्यंत कळत नाही. आता हे वाक्य वाच : 'नाथसागराचं पाणी उतरताना उघडा पडलेला गाळ पेरला गेला, की तुतवार आणि शेकाटे तो काठ सोडून जातात, की नुसते पाण्यालगत सरकतात?' याची दोन उत्तरं संभवतात आणि दोन्ही खरी निघू शकतात. सोडून जात असतील तर अभयारण्याच्या नियोजनात कुठला काठ मोकळा ठेवायचा याचा विचार करावा लागेल. नुसते सरकत असतील तर गाळ पेरणाऱ्या शेतकऱ्याला उगाच दोष द्यायचं कारण उरत नाही. पक्षी अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं. तिथं पक्षी आणि पोट दोन्हींचा हिशेब आहे, आणि तू त्याच तालुक्यातली आहेस. हा प्रश्न तुझ्याइतक्या हक्कानं कोण विचारणार?

संगणक यात आपोआप येतो. कसा ते जरा सविस्तर सांगते, कारण तुझ्या अर्जाचा जीव इथंच आहे.

ऑक्टोबरात पाणी वेड्या बाभळींच्या बुंध्यांपर्यंत असतं. पक्षी असले तरी झुडपांआड दिसत नाहीत. एप्रिलमध्ये त्याच जागी उघडा गाळ, लांबूनही तुतवार मोजता येतो. तेव्हा उन्हाळ्यात तुझ्या वहीतला आकडा वाढला तर पक्षी वाढले, की दिसायला लागले? हा गुंता सोडवायला २००२ साली मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी ऑक्युपन्सी मॉडेल मांडलं. त्यात एकाच जागी थोड्या दिवसांत पुन्हा पुन्हा फेऱ्या मारायच्या, आणि पक्षी तिथं असण्याची शक्यता वेगळी, दिसण्याची वेगळी काढायची. समज, पक्षी तिथं असताना एका फेरीत दिसण्याची शक्यता ०.४ आहे. मग तीन फेऱ्यांत एकदाही न दिसण्याची शक्यता ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे ०.२१६. पाचातल्या एका जागी पक्षी असूनही तुझ्या वहीत शून्य! हा हिशेब अर्जाच्या पहिल्याच पानावर घाल. वाचणाऱ्याला लगेच कळतं, की ही बाई काठावर उभी राहिलेली आहे आणि तिला गणितही समजलंय.

दुसरा धागा उपग्रहाचा. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात. त्यांतल्या काही प्रकाशपट्ट्यांत (बँडमध्ये) दर १० मीटरला एक ठिपका असतो, आणि दोन उपग्रह मिळून साधारण दर ५ दिवसांनी तीच जागा पुन्हा टिपतात. पाणी जवळचे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण गिळतं, हिरवा प्रकाश थोडा परत पाठवतं. या दोन पट्ट्यांच्या गुणोत्तरातून पाण्याची कड काढता येते. पाणी उतरतं ते मुख्यतः पावसाळ्यानंतर, म्हणजे ढगांचा त्रासही कमी. तू ज्या ज्या तारखेला काठावर गेलीस, तिच्या आसपासची पाण्याची कड गूगल अर्थ इंजिनवर (उपग्रहचित्रं ऑनलाइन तपासायच्या सोयीवर) काढ, तिच्यामागं पेरलेला पट्टा किती रुंद आहे ते मोज, आणि तुझ्या नोंदी त्यावर बसव. जुन्या काळात जायचं तर अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रं आहेत, ठिपका मोठा असला तरी ती अनेक दशकं मागं जातात. हे सगळं साध्या लॅपटॉपवर होतं, महासंगणक लागत नाही.

मशीन लर्निंग वापरायला माझी ना नाही. पेरलेला गाळ आणि मोकळा गाळ चित्रात ओळखायला ते उपयोगी पडेल. पण ते तिसऱ्या पानावर येऊ दे.

'आयसरवाल्यांसाठी' ही शंका मला दर वर्षी ऐकायला मिळते, आणि दर वेळी वाईट वाटतं. त्या संस्थांतल्या मुलांना कोड येतो, खरंय. पण नाथसागराच्या एकाच काठावर, हंगामामागून हंगाम, एकाच माणसानं एकाच पद्धतीनं केलेली मोजणी त्यांच्याकडे नाही, ती तुझ्याकडे आहे. ती एक्सेलच्या रंगीत तक्त्यात पडून राहू देऊ नकोस. एका ओळीत एक नोंद : तारीख, वेळ, जागेचे अक्षांश-रेखांश, जात, संख्या, किती मिनिटं थांबलीस. शून्याच्या नोंदीही ठेव, त्या सर्वांत मोलाच्या. जोडीला विश्लेषणाचा कोड गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर टाक, आणि मार्गदर्शकांची संमती घेऊन तो आणि नोंदी झेनोडो या संशोधनसामग्रीच्या खुल्या भांडारात ठेव, तिथं त्याला कायमचा क्रमांक मिळतो. अर्जात तो क्रमांक दिला की 'घरी शिकले' याबद्दल कोणी विचारत नाही. परीक्षक कोड उघडून बघतात, मी स्वतः बघते.

आता अर्ज कुठं. देशात पहिली नजर नॅशनल पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपवर टाक. पूर्वी ती केंद्राचं विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ (सर्ब) द्यायचं, २०२४ पासून ते काम अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे गेलं. मुदत २ वर्षांची, वयाची अट ३५, आणि महिलांना व राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत मिळत आली आहे. प्रबंध सादर करून पदवीची वाट बघणाऱ्यांनाही या योजनेत अर्ज करता येत आला आहे, म्हणून व्हायवासाठी थांबू नकोस. यंदाची जाहिरात मात्र ओळ न ओळ वाच.

परदेशात युरोपची मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्ट-डॉक फेलोशिप कुठल्याही देशाच्या नागरिकाला खुली आहे. शेवटच्या तारखेला पीएचडी हातात हवी, पीएचडीनंतरचा संशोधनाचा काळ ८ वर्षांपेक्षा जास्त नको, आणि ज्या देशात जायचं तिथं मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. शेवटची तारीख साधारण सप्टेंबरात असते. ही तू पुढच्या वर्षासाठी ठेव. ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रामची फेलोशिप ३ वर्षांची आहे, पण तिथं देश बदलावा लागतो आणि पीएचडीच्या कामापासून खरोखर दूर जाणारा नवा विषय लागतो. नाथसागराचाच धागा पुढं न्यायचा असेल तर ती तुझी जागा नव्हे. इंडिया अलायन्सची ५ वर्षांची अर्ली करिअर फेलोशिप चांगली आहे, पण तिचा रोख आरोग्याकडे असतो. पाणपक्षी आणि बर्ड फ्लू असा तुझा प्रश्न असता तर मी तीच आधी सुचवली असती.

यजमान मार्गदर्शक शोधताना संस्थेचं नाव बघून शोधू नकोस. पक्ष्यांच्या गणनेची सांख्यिकी किंवा उपग्रहचित्रं यांपैकी जे तुला येत नाही, ते ज्यांना येतं त्यांना गाठ. बंगळुरूचं एनसीबीएस, आयआयएससीचं परिस्थितीशास्त्र केंद्र, डेहराडूनची वन्यजीव संस्था, पुण्याचं आयसर इथल्या लोकांचे शोधनिबंध वाच. मग आठ-दहा ओळींची मेल कर : तुमच्या अमुक निबंधातली अमुक पद्धत मला माझ्या अमुक नोंदींवर लावायची आहे, सोबत एका पानाचा आराखडा. 'रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम व्हेरी मच इंटरेस्टेड' एवढ्यावर थांबलेल्या मेलला उत्तर येत नाही. शेवटच्या तारखेच्या दोन-तीन महिने आधी पाठव, आणि दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण कर. त्यात संकोचण्यासारखं काही नाही.

शिफारसपत्राचं एक आपल्याकडचं दुखणं आहे. 'तूच लिहून आण, मी सही करतो' असं सर म्हणतात. प्रेमानंच म्हणतात, पण मग तीनही पत्रं एकाच भाषेत येतात आणि परीक्षकाला ते कळतं. पत्र लिहून देऊ नकोस. एका कागदावर मुद्दे काढून दे : कोणत्या हंगामात काय केलं, कुठं अडचण आली, ती कशी सोडवली, सरांना त्यातलं काय ठाऊक आहे. पुढची वाक्यं त्यांना लिहू दे.

अर्ज इंग्रजीत जाईल. पण पहिलं पान आधी मराठीत लिही आणि गणनेला तुझ्यासोबत येणाऱ्या नावाड्याला वाचून दाखव. तो 'असं नसतं, पाणी असं उतरत नाही' म्हणाला, तर आराखडा तिथंच दुरुस्त होईल.

प्रश्न : मी परतूरचा (जि. जालना). पुण्यात आयटी कंपनीत आहे, बी.ई. कॉम्प्युटर. घरी कापूस. बोंडअळीनं दरवर्षी होणारं नुकसान बघत मोठा झालो. जीवशास्त्रात संशोधन करायचंय, पण बारावीनंतर जीवशास्त्र शिकलेलो नाही. कॉम्प्युटेशनल बायोलॉजीची फेलोशिप मला मिळू शकते का?

उत्तर : मिळू शकते, पण तुमचा क्रम असा असेल : आधी पीएचडीला प्रवेश, तिथली फेलोशिप, मग पोस्ट-डॉक. एनसीबीएस, टीआयएफआर यांच्या जीवशास्त्र प्रवेशपरीक्षेला अभियांत्रिकीचे पदवीधर बसू शकतात. तिचं नाव जेजीईईबीआयएलएस. गेट या राष्ट्रीय प्रवेशपरीक्षेचा तुमचा संगणकशास्त्राचा पेपरही अनेक ठिकाणी चालतो. परिस्थितीशास्त्र आणि उत्क्रांतीचा स्वतंत्र पेपरही गेटमध्ये आहे, पण त्याची तयारी नव्यानं करावी लागेल. चेन्नईच्या आयएमएससी या गणितविज्ञान संस्थेत संगणकीय जीवशास्त्राचा गट आहे, हैदराबादला सीसीएमबी ही पेशी व रेण्वीय जीवशास्त्राची संस्था आहे. आणखी एक वाट म्हणजे चालू प्रकल्पातली प्रोजेक्ट असोसिएटची जागा. पगार आयटीपेक्षा बराच कमी, पण वर्षभरात कळतं की हे आपल्याला आयुष्यभर करायचंय का. घरचे हप्ते असतील तर मी नोकरी सोडायच्या आधी ही परीक्षा द्यायला सांगेन.

तुमच्या घरच्या कापसातच पहिला प्रकल्प आहे, तो याच दिवाळीत सुरू करा. बोंडअळीला मारणारं प्रथिन झाडातच तयार करणारा बीटी कापूस देशात २००२ मध्ये आला, दोन जनुकांचा २००६ मध्ये. गुलाबी बोंडअळीनं पहिल्या प्रथिनाला, क्राय-१-एसीला, दाद देणं बंद केल्याचं २०१० मध्ये गुजरातेतून जाहीर झालं, आणि २०१७ चा हंगाम आपल्याकडे कसा गेला ते तुम्हाला सांगायला नको. बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर-बीटीची १२० ग्रॅमची वेगळी पुडी यायची, आठवते? ती बांधाकडेनं पेरायची होती. त्यामागचा हिशेब असा : प्रतिकारशक्तीचं जनुक अप्रभावी असेल, तर त्याची एकच प्रत असलेली अळी बीटीवर मरते. बिगर-बीटी ओळींत जगलेले भरपूर साधे पतंग त्या मोजक्या प्रतिकारक पतंगांशी जुळले, की पिल्लांत एकच प्रत उतरते. पुडी पेरली गेली नाही की हे साधे पतंगच उरत नाहीत.

हे सगळं पायथनच्या शंभरेक ओळींत बसतं. बिगर-बीटीचा वाटा शून्यापासून २० टक्क्यांपर्यंत बदलत न्या, आणि प्रतिकारक जनुक निम्म्या संख्येपर्यंत पोचायला किती पिढ्या लागतात ते बघा. मग जनुक पूर्ण अप्रभावी नसेल तर काय होतं, फरदड (हंगाम संपल्यावरही शेतात राखलेला कापूस) ठेवल्यामुळं हंगामात एखादी पिढी जास्त झाली तर काय होतं, ते घालून बघा. फरदडीचा मुद्दा तुमच्याइतका त्या मुलाखतीतल्या कोणाला कदाचितच ठाऊक असेल. पुढं जायचं असेल तर कॅडहेरिन नावाच्या जनुकातल्या बदलांवर वाचन करा. बोंडअळीच्या या प्रतिकाराचा धागा तिथं सापडला आहे, आणि त्याचे डीएनए-अनुक्रम जेनबँक या खुल्या संग्रहात कोणालाही बघता येतात. मुलाखतीला हे मॉडेल घेऊन जा. बारावीनंतर जीवशास्त्र न शिकल्याची शंका त्यानंही नाही फिटली, तर ती जागा तुमच्यासाठी नव्हती.

पीएचडी संगणकशास्त्रातच झाली तरी दार बंद होत नाही. ह्यूमन फ्रंटियरची क्रॉस-डिसिप्लिनरी फेलोशिप जीवशास्त्राबाहेर पीएचडी करून जीवशास्त्रात येणाऱ्यांसाठीच आहे.

प्रश्न : लग्न आणि दोन मुलं यांत पीएचडीनंतर माझा बराच खंड पडला. आता लातूरला स्थायिक आहोत. सूक्ष्मजीवशास्त्र झालंय, बायोइन्फर्मॅटिक्स शिकतेय. उशीर झाला का?

उत्तर : नाही. विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची वाइज-पीडीएफ आणि जैवतंत्रज्ञान विभागाची बायोकेअर या महिला संशोधकांसाठीच्या योजना आहेत, खंड पडलेल्यांचा त्यात विचार होतो. मारी क्युरीच्या ८ वर्षांच्या मोजणीतही असा खंड वजा होतो, फक्त तो कागदोपत्री दाखवावा लागतो. अर्जात खंड लपवू नका, एका ओळीत लिहा आणि पुढं जा. लातूर सोडणं शक्य नसेल तर तिथल्या एखाद्या संस्थेतल्या किंवा नांदेडच्या विद्यापीठातल्या मार्गदर्शकाच्या नावावर अर्ज करा. विश्लेषणाचं काम घरून होतं, पण यजमान संस्था मात्र ठरलेली लागते.

प्रश्न : माझा मुलगा २६ वर्षांचा. जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली म्हणतो, पक्षी-प्राण्यांचं कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. नातेवाईक विचारतात, नोकरी कधी? ही फेलोशिप म्हणजे पगार आहे की शिष्यवृत्ती? आम्ही माजलगावचे, तीन एकर शेती.

उत्तर : दादा, ही स्पर्धेतून मिळणारी रक्कम आहे आणि ती पूर्णवेळ कामासाठी मिळते. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिन्याला ३७,००० रुपये आहेत, दोन वर्षांनी काम समाधानकारक वाटलं तर ४२,०००, शिवाय शहराप्रमाणे घरभाडं. सगळी मिळून पाच वर्षं. यात भविष्य निर्वाह निधी नाही, पाच वर्षांनंतर नोकरीची हमी नाही. पण घरच्या पैशावर शिकतोय असंही नाही. सीएसआयआर-यूजीसीच्या नेट परीक्षेतून जेआरएफ मिळणं सोपं नसतं, हे नातेवाइकांना तुम्हीच सांगा, मुलाला सांगायला लावू नका.

एक व्यवहाराची गोष्ट. फेलोशिपचे हप्ते पुष्कळदा उशिरा येतात आणि मग एकदम जमा होतात. तेव्हा पहिलं वर्षभर त्याच्याकडून घरी पैसे पाठवण्याची अपेक्षा ठेवू नका, तीन-चार महिन्यांचा खर्च त्याच्या खात्यात राहू द्या. पेरणीसाठी उसने घ्यायचे झाले तर त्या पैशाच्या भरवशावर घेऊ नका.

तुमच्या नात्यागोत्यात आणखी कोणी पीएचडीला असेल आणि जेआरएफ निघाली नसेल, तर राज्याच्या संस्थांची चौकशी करायला सांगा : अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. जाहिरात निघाल्यावर जातवैधतेसारखी कागदपत्रं जमवायला वेळ पुरत नाही, ती आधीच काढून ठेवायला लावा.

आणि दोन वर्षं भरत आली की त्याला समितीसमोर काम मांडावं लागेल. त्यावरच ३७ चे ४२ होतात. त्या महिन्यात त्याला सोयाबीनच्या काढणीला बोलावू नका.